जुन्या विमानाचा कार्ब्युरेटर : स्क्रूला हात लावण्याआधी आणि नंतर

जुनं विमानइंजिन अडखळायला लागलं की पहिला संशय कार्ब्युरेटरवर जातो. कोणीतरी स्क्रूड्रायव्हर घेऊन पुढे सरसावतं, मिश्रणाचा स्क्रू अर्धा आटा इकडे, पाव आटा तिकडे फिरवला जातो, इंजिन थोडा वेळ सुधारल्यासारखं वाटतं आणि दुसऱ्या दिवशी दुखणं पुन्हा हजर. मूळ दुखणं बहुतेक वेळा स्क्रूत नसतंच. टाकीच्या झाकणातलं बुजलेलं भोक, इनटेक पाइपच्या जोडातून शिरणारी हवा, काजळलेला प्लग, बुडालेला फ्लोट यांपैकी प्रत्येक जण बिघडलेल्या मिश्रणाची लक्षणं हुबेहूब दाखवतो. त्यामुळे फ्लोट असलेल्या साध्या कार्ब्युरेटरच्या इंजिनांवर काम करणाऱ्याने एक क्रम कधी सोडू नये : आधी तपासणी, जुळवणी सर्वांत शेवटी. मग तो विमान देखभालीचं शिक्षण घेणारा विद्यार्थी असो, फ्लाइंग क्लबमधला तंत्रज्ञ असो किंवा एखादं टायगर मॉथ वा पायपर कब पुन्हा उडतं करण्यासाठी धडपडणारा हौशी असो.

थोडं गणित आधी पक्कं हवं. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला साधारण पंधरा किलो हवा लागते. नेमका आकडा १४.७ च्या आसपास. हवा आठ किलोच्या खाली गेली तर मिश्रण इतकं रिच, म्हणजे पेट्रोल जास्त असलेलं, होतं की पेटत नाही; अठराच्या वर गेली तर इतकं लीन, म्हणजे पेट्रोल कमी असलेलं, की धड जळत नाही. सर्वांत जास्त ताकद मिळते ती १२.५ ते १३ च्या दरम्यान, आणि सर्वांत कमी पेट्रोलमध्ये काम होतं ते सोळाच्या आसपास. पूर्ण थ्रॉटलला जुने कारखानदार मिश्रण मुद्दाम आणखी थोडं रिच ठेवत. ते जादा पेट्रोल जळत नाही, पण वाफ होताना उष्णता ओढून घेतं आणि सिलिंडर थंड ठेवतं. ‘एवढं पेट्रोल कशाला खातंय?’ म्हणून पूर्ण थ्रॉटलचं मिश्रण लीन करणारा माणूस हे थंडावणच काढून घेत असतो. हवेने थंड होणाऱ्या इंजिनात त्याचे परिणाम जळलेल्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हपासून भोक पडलेल्या पिस्टनपर्यंत जातात.

हे प्रमाण राखणं सुरुवातीच्या काळात किती कठीण होतं, ते पाहिलं की पुढची सगळी यंत्रणा समजते. राइट बंधूंच्या १९०३ च्या विमानात आजच्या अर्थाने कार्ब्युरेटर नव्हताच. चार्ली टेलरने बांधलेल्या चार सिलिंडरच्या त्या इंजिनात पेट्रोल वरच्या टाकीतून आपल्या वजनाने खाली येई आणि एका उथळ कप्प्यात पडे. इंजिनाच्या उष्णतेने त्याची वाफ होऊन ती हवेबरोबर आत जाई. मिश्रण लावायचं ते जमिनीवरच, एका तोटीने. एकदा उड्डाण केलं की थ्रॉटलही नाही. चालू केल्यावर ते इंजिन सुमारे १६ अश्वशक्ती देई आणि थोड्याच वेळात १२ वर येई, कारण आत जाणारी हवा तापून विरळ होई. मिश्रण हवेच्या तब्येतीवर चालतं, ही गोष्ट अशी विमानाच्या पहिल्याच इंजिनात दिसली होती.

पहिल्या महायुद्धातल्या रोटरी इंजिनांनी हे काम थेट वैमानिकाच्या हाती दिलं. १९१७ मध्ये आघाडीवर आलेल्या सॉपविथ कॅमलमध्ये अनेकदा १३० अश्वशक्तीचं क्लर्जे इंजिन असे. त्यात क्रँकशाफ्ट स्थिर आणि सगळे सिलिंडर पंख्यासकट गरगर फिरणारे. हवेचा दांडा वेगळा, पेट्रोलच्या बारीक नियंत्रणाचा वेगळा. दोन्हींचा मेळ डोळ्यांनी, कानांनी आणि अंगाला जाणवणाऱ्या कंपनांनी घालायचा. उड्डाण केल्याबरोबर पेट्रोल थोडं कमी करावं लागे. नवशिक्याने ते वेळेत केलं नाही तर इंजिन रिच मिश्रणाने गुदमरे, नाक वर असलेल्या विमानाचा वेग पडे आणि कॅमल गिरकी घेत खाली येई. प्रशिक्षणातले किती तरी जीव असे गेले. दुसरी अडचण उशिराची. रोटरीत मिश्रण आधी क्रँककेसमधून जातं, त्यामुळे दांडा हलवल्याचा परिणाम काही सेकंदांनी कळे. घाबरलेला वैमानिक तेवढ्यात दांडा आणखी हलवे आणि चूक दुप्पट होई. साध्या कार्ब्युरेटरवर काम करतानाही हे ध्यानात ठेवावं : एक बदल करावा, इंजिनाला स्थिरावू द्यावं, मगच पुढचा विचार करावा.

वैमानिकाच्या डोक्यावरचं हे ओझं हलकं केलं ते समतोल साधणाऱ्या कार्ब्युरेटरने. साध्या जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकात, एक जन्मजात खोड असते. व्हेंचुरीच्या अरुंद गळ्यातून हवा जसजशी जोरात वाहते, तसतसं पेट्रोल हवेच्या मानाने जास्त ओढलं जातं आणि मिश्रण रिच होत जातं. फ्रान्सच्या लिओं शहरातल्या फ्रांस्वा बाव्हरेने १९०६ च्या सुमारास यावर तोडगा काढला. त्याने दुसरं जेट दिलं, पण ते थेट ओढीखाली न ठेवता मध्ये हवेला उघडी असलेली एक छोटी विहीर ठेवली. या जेटमधून पेट्रोल ठरावीक गतीनेच येतं, मग गळ्यातली ओढ कितीही वाढो. म्हणजे वेग वाढला की पहिलं जेट रिच होतं, दुसरं लीन, आणि बेरीज जवळजवळ स्थिर राहते. झेनिथ नावाने हा कार्ब्युरेटर जगभर गेला. हिस्पानो-सुइझाच्या व्ही-८ वर, अमेरिकेच्या लिबर्टी इंजिनावर, जेनी विमानातल्या ९० अश्वशक्तीच्या कर्टिस ओएक्स-५ वर तोच होता. झेनिथ लावायचा ठरला तर हीच रचना वाट दाखवते. पूर्ण थ्रॉटलला इंजिन दम टाकत असेल तर मुख्य जेट बघावं. मधल्या फेऱ्यांवर किंवा थ्रॉटल उघडताना अडखळत असेल तर दुसरं जेट बघावं. फक्त मंद फेऱ्याच बिघडल्या असतील तर त्यांचा स्क्रू बघावा.

उंचीचा प्रश्न मात्र झेनिथनेही सुटला नाही. वर गेल्यावर हवा विरळ होते, पण पेट्रोल त्या प्रमाणात कमी होत नाही. हिशोब असा की हवेची घनता जितकी घटते, तिच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात मिश्रण रिच होतं. ३,००० मीटरवर ते जमिनीपेक्षा सुमारे १६ टक्के रिच असतं, ६,००० मीटरवर सुमारे ३६ टक्के. हे तपासण्यासाठी वॉशिंग्टनच्या ब्युरो ऑफ स्टँडर्ड्सने पहिल्या महायुद्धाच्या अखेरच्या काळात काँक्रीटची एक बंद खोलीच बांधली. आतली हवा पंपाने विरळ करायची, थंड करायची आणि त्यात लिबर्टी आणि हिस्पानो-सुइझासारखी इंजिनं प्रत्यक्ष चालवून ताकद आणि पेट्रोल मोजायचं. आकाशातलं दुखणं जमिनीवर आणून तपासण्याची ही युक्ती फार मोलाची ठरली.

उंचीइतकीच उष्णताही मोजावी लागते. पुणं समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर आहे. मे महिन्यात दुपारी ४० अंश तापमान असताना तिथली हवा प्रमाण वातावरणात १,६०० मीटरवर असते तेवढी विरळ असते. जानेवारीच्या सकाळी जुहूला लावलेलं मिश्रण त्या दुपारी पुण्यात सहा-सात टक्के रिच होणार, आणि त्यात कार्ब्युरेटरचा काहीही दोष नाही. म्हणूनच जुळवणीच्या दिवशीचं तापमान आणि हवेचा दाब लिहून ठेवल्याशिवाय त्या जुळवणीला अर्थ राहत नाही.

आता प्रत्यक्ष कामाकडे. सुरुवात टाकीपासून करावी. १५ ऑक्टोबर १९३२ ला जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन पुस मॉथ विमानाने जुहूला आले, तेव्हा वाटेत अहमदाबादला त्यांच्यासाठी पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आणले होते. त्या काळी डब्यातलं पेट्रोल शॅमॉयच्या, म्हणजे मऊ कमावलेल्या कातड्याच्या गाळणीतून टाकीत ओतत. पेट्रोलने भिजलेलं कातडं पेट्रोल सोडतं आणि पाणी अडवतं. आजही जुन्या विमानाच्या टाकीतला सर्वांत खालचा नमुना काचेच्या बाटलीत काढून उजेडात पाहावा. पाण्याचा थेंब तळाशी मण्यासारखा फिरताना दिसतो.

मग झाकण. पायपर कबच्या नाकावरच्या टाकीच्या झाकणातून एक तार वर आलेली असते. ती पेट्रोलची पातळी दाखवते. त्याच झाकणात हवा आत जाण्याचं भोक असतं. मातीने किंवा किड्याने ते बुजलं की टाकीत निर्वात तयार होतो, पेट्रोल खाली यायला कां-कूं करतं आणि दहा-पंधरा मिनिटांनी इंजिन लीन होऊन अडखळतं. जमिनीवर झाकण उघडलं की हवा आत जाते आणि सगळं ठीक दिसतं, त्यामुळे हा दोष माणसाला पुरता चकवतो. कार्ब्युरेटरला मिळणारा प्रवाहही मोजावा. नाक उड्डाणाच्या कोनाइतकं वर उचलून, कार्ब्युरेटरजवळची नळी सोडवून, पेट्रोल मापाच्या भांड्यात ठरावीक वेळ पडू द्यावं. वजनाने उतरणाऱ्या पेट्रोलच्या यंत्रणेत हा प्रवाह उड्डाणाच्या वेळच्या खपाच्या किमान दीडपट असावा, हा नियम अमेरिकी विमानांसाठी लिहिलेला असला तरी कोणत्याही जुन्या विमानाला लावण्याजोगा आहे. हे काम हँगरबाहेर, इंजिन थंड असताना, अर्थिंगची तार जोडून आणि अग्निशामक हाताशी ठेवूनच करावं.

फ्लोटकडे थोडं जास्त लक्ष द्यायला हवं, कारण मिश्रणाचा पाया तोच आहे. फ्लोट चेंबरमध्ये पेट्रोलची पातळी जेटच्या तोंडापेक्षा जराशी खाली असायला हवी. पातळी वर गेली तर इंजिन सगळ्या फेऱ्यांवर रिच होतं आणि बंद असतानाही कार्ब्युरेटर थेंब टाकतो. खाली गेली तर सगळीकडे लीन. पातळीचा आकडा त्या त्या कार्ब्युरेटरच्या मॅन्युअलमध्ये असतो. तो तसाच पाळावा, अंदाजाने नाही. पितळी फ्लोटला बारीक चीर पडली की आत पेट्रोल शिरतं, फ्लोट जड होतो आणि बुडतो. तपासायला तो गरम पाण्यात बुडवावा. आतली हवा फुगते आणि चिरेतून बुडबुडे येतात. डाग लावताना कथील कमीत कमी वापरावं, नाहीतर दुरुस्त फ्लोटच जास्त वजनाने बुडायचा. सुई आणि तिचं आसन भिंगाने पाहावं. सुईच्या टोकाला चमकती कडी पडली असेल तर तिथून पेट्रोल झिरपतंच.

फ्लोटची मर्यादा किती महागात पडू शकते, याचं उदाहरण दुसऱ्या महायुद्धातलं आहे. स्पिटफायर आणि हरिकेनचं मर्लिन इंजिन एसयू कार्ब्युरेटरवर चाले. वैमानिकाने नाक झटकन खाली दाबलं की चेंबरमधलं पेट्रोल वर उसळे, जेट कोरडी पडत आणि इंजिन गप्प होई. पाठोपाठ चेंबर भरून वाहे आणि रिच मिश्रणाने इंजिन दुसऱ्यांदा गुदमरे. इंधन थेट आत फवारणाऱ्या जर्मन विमानांना ही अडचण नव्हती. १९४१ मध्ये फार्नबरोच्या रॉयल एअरक्राफ्ट एस्टॅब्लिशमेंटमधल्या अभियंता बिआट्रिस शिलिंग यांनी पेट्रोलच्या नळीत बसवायची भोक असलेली एक छोटी चकती तयार केली. इंजिनाला जास्तीत जास्त लागेल तेवढंच पेट्रोल तिच्यातून जाई. कार्ब्युरेटर न बदलता, विमानतळावर उभ्या विमानांना ती बसवता आली. पेट्रोलचा प्रश्न सोडवताना आधी कार्ब्युरेटरच्या बाहेर बघण्याची याहून चांगली साक्ष शोधूनही सापडणार नाही.

इनटेक पाइपचे जोड हा पुढचा टप्पा. कॉन्टिनेंटल ए-६५ सारख्या इंजिनात हे जोड रबरी नळी आणि पट्ट्यांनी आवळलेले असतात; रबर कडक झालं की हवा ओढली जाते आणि त्या सिलिंडरचं मिश्रण लीन होतं. इंजिन बंद असताना जोडाभोवती निळसर डाग दिसले तर समजावं की तिथून गळती आहे, कारण १०० एलएल विमानपेट्रोलला निळा रंग दिलेला असतो. आणि इथेच एक साधी पारख कामाला येते. मिश्रणाचा खरा दोष बहुतेक वेळा सगळ्या सिलिंडरांना सारखा लागतो. एकच सिलिंडर रुसलं असेल तर कार्ब्युरेटर सोडून त्या सिलिंडरचा प्लग, व्हॉल्व्ह आणि इनटेकचा जोड बघावा. मॅग्नेटो आळीपाळीने बंद करून फेऱ्या किती पडतात, हेही आधीच पाहून घ्यावं.

प्लगवर त्या काळच्या वैमानिकांचं नशीबच अवलंबून असे. १९३० मध्ये आगा खान यांच्या बक्षिसासाठी इंग्लंड आणि भारत यांच्या दरम्यान एकट्याने उडण्याची स्पर्धा होती. जे. आर. डी. कराचीहून निघाले होते, तर अस्पी इंजिनियर उलट दिशेने, इंग्लंडहून. इजिप्तमध्ये अबुकीरला अस्पी प्लगसाठी अडकून पडलेले जे. आर. डीं.ना दिसले, आणि त्यांनी आपल्याजवळचे जादा प्लग प्रतिस्पर्ध्याला देऊन टाकले. बक्षीस अस्पींनी जिंकलं. पुढे १९६० मध्ये ते भारतीय हवाई दलाचे प्रमुख झाले.

मिश्रणाची हकीकतही प्लगच सांगतो, फक्त त्याला योग्य वेळी विचारावं लागतं. इंजिन पूर्ण तापवून, ज्या फेऱ्यांवर तपासायचं त्या फेऱ्यांवर थोडा वेळ चालवून, मग फार वेळ मंद न ठेवता बंद करावं. बराच वेळ मंद चालवून काढलेला प्लग फक्त मंद फेऱ्यांची गोष्ट सांगतो. इन्सुलेटरचा रंग फिकट तपकिरी असेल तर मिश्रण ठीक. पांढराफटक, भाजल्यासारखा असेल तर लीन. काळी काजळी असेल तर रिच, पण काजळीला बोट लावून पाहावं. कोरडी, मखमली, बोटाला सहज लागणारी काजळी पेट्रोलची असते. ओलसर, चकाकणारी तेलाची. टायगर मॉथच्या जिप्सी मेजर इंजिनात सिलिंडर उलटे, डोकं खाली असल्याने उभ्या विमानात तेल झिरपून प्लगवर उतरतं, आणि ते तेल पाहून कोणी मिश्रण लीन केलं तर अनर्थ होतो. शिसं असलेल्या पेट्रोलने करडे मणी धरतात. त्यांचा अर्थही वेगळा.

इंजिन चालू असतानाची लक्षणं अशी. काळा धूर, एक्झॉस्टमध्ये लालसर लांब ज्वाला, घुमणारा जड आवाज, थ्रॉटल बंद करताना एक्झॉस्टमध्ये फटाके : रिच. कार्ब्युरेटरमधून उलट फटका, म्हणजे इनटेकमधून ‘फट्’ असा आवाज, आणि अंगावर येणारी अनियमित थरथर : लीन. लीन मिश्रण हळू जळतं; इनटेक व्हॉल्व्ह पुन्हा उघडतो तेव्हाही आत आग असते आणि ती उलट वाटेने बाहेर येते. कार्ब्युरेटरखाली पेट्रोल सांडलेलं असेल तर हा फटका आग लावू शकतो. संध्याकाळच्या अंधारात एक्झॉस्टची ज्वाला आखूड आणि निळी दिसली तर मिश्रण जवळपास बरोबर आहे, असं जुने मेकॅनिक धरून चालत.

संशय उरला तर दोन सोप्या परीक्षा आहेत, आणि दोन्हींत स्क्रूला हातही लागत नाही. पहिली, चालू इंजिनाला प्राइमरचा एक हलका दट्ट्या द्यावा. इंजिन उचल खाऊ लागलं तर ते लीन होतं. अडखळलं तर रिच. प्राइमर नंतर नीट बंद करून अडकवावा, नाहीतर तिथूनच पेट्रोल ओढलं जात राहील. दुसरी, कार्ब्युरेटर हीट ओढावी. गरम हवा विरळ असल्याने मिश्रण रिच होतं. फेऱ्या थोड्या, एकसारख्या उतरल्या तर सारं ठीक. उलट इंजिन जास्त गुळगुळीत चालू लागलं तर ते आधी लीन होतं.

एवढं सगळं झाल्यावरच स्क्रू. पंख्याशी खेळ नको : चाकांना ओट, शेपटी दोराने बांधलेली, कॉकपिटमध्ये जाणकार माणूस, आणि शक्य असेल तिथे प्रत्येक फेरफारासाठी इंजिन बंद. मंद फेऱ्यांचा स्क्रू फिरवण्याआधी तो अलगद आत नेत टेकेपर्यंतचे आटे मोजून वहीत लिहावेत, मग तेवढेच परत सोडावेत. काही बिघडलं तर मूळ जागा हाताशी राहते. टेकल्यावर आवळू नये, सुईला खाच पडते. स्क्रू पेट्रोल अडवणारा आहे की हवा, हेही पाहावं. एकात आत नेल्याने मिश्रण लीन होतं, दुसऱ्यात रिच. मग पाव पाव आट्याने फिरवत सर्वांत जास्त आणि सर्वांत गुळगुळीत फेऱ्या मिळतील ती जागा शोधावी आणि तिथून किंचित रिचकडे यावं. थ्रॉटल स्टॉपने फेऱ्या पुन्हा ठरवून घ्याव्यात.

मिश्रण पूर्ण बंद करणारा दांडा असलेल्या कार्ब्युरेटरवर खातरजमा सोपी आहे. मंद फेऱ्यांवर तो दांडा हळू ओढावा. इंजिन बंद पडण्याआधी फेऱ्या २५ ते ५० ने वाढल्या तर जुळवणी चांगली. वाढ झालीच नाही तर लीन. पन्नासाहून खूप जास्त वाढल्या तर रिच. कबवरच्या स्ट्रॉम्बर्ग एनए-एस३ कार्ब्युरेटरमध्ये मात्र असा पूर्ण बंद करणारा दांडा नाही. त्याचं मिश्रणनियंत्रण फ्लोट चेंबरवरचा हवेचा दाब कमी करून पेट्रोल घटवतं, परिणाम मर्यादित असतो आणि पुष्कळ विमानांत ते पूर्ण रिचवर तारेने बांधून ठेवलेलं असतं. तिथे फक्त कानावर आणि प्लगवर भिस्त. थ्रॉटल उघडून पाहताना घाई नको. अशा जुन्या कार्ब्युरेटरांत बहुधा अॅक्सलरेटर पंप नसतो आणि झटका दिला तर चांगली जुळवणीही खोकते.

मुख्य जेट बदलणं हा शेवटचा उपाय. त्यासाठी खपाची मोजणी हवी. अशा इंजिनाला दर अश्वशक्तीमागे तासाला सुमारे २२५ ग्रॅम पेट्रोल लागतं. ६५ अश्वशक्तीच्या ए-६५ ला तीन चतुर्थांश ताकदीवर तासाला साधारण १५ ते १६ लिटर, जिप्सी मेजरला २८ ते ३० लिटर. टाकी काठोकाठ भरून, तासभर उडून, पुन्हा भरताना लागलेलं पेट्रोल मोजलं तर हिशोब कळतो. जेटच्या भोकात तार घालून ते ‘साफ’ करण्याची सवय मात्र सक्तीने मोडावी. पितळ मऊ असतं आणि भोक मोठं होतं.

पेट्रोलबद्दल एक गोष्ट आज फार महत्त्वाची आहे. भारतात पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉलला जळायला नऊपट हवाच पुरते, त्यामुळे या मिश्र पेट्रोलचं योग्य प्रमाण १४.७ वरून साधारण १३.५ वर येतं. जुनं जेट तेच ठेवून असं पेट्रोल भरलं तर इंजिन सात-आठ टक्के लीन चालतं. शिवाय इथेनॉल पाणी शोषतं आणि लाख त्यात विरघळते. लाखेचा लेप दिलेले बुचाचे जुने फ्लोट त्यात टिकत नाहीत. इंडियन ऑइलने २०२२ पासून १०० एलएल विमानपेट्रोल देशातच बनवायला सुरुवात केली आहे. तेव्हा जुन्या विमानात पंपावरचं पेट्रोल भरू नये, एवढं स्पष्ट सांगायला हवं.

हवेत गेल्यावर लीन करणं हे कौशल्य आहे आणि त्याचा फायदा मोठा आहे. मे १९२७ मध्ये चार्ल्स लिंडबर्गने राइट जे-५ व्हर्लविंड इंजिनावर न्यूयॉर्क ते पॅरिस हे अंतर साडेतेहतीस तासांत कापलं. निघताना जवळजवळ १,७०० लिटर पेट्रोल होतं, उतरल्यावर सुमारे ३२० लिटर उरलं होतं. पात्यांचा कोन न बदलणाऱ्या पंख्याच्या विमानात पद्धत साधी आहे. तीन चतुर्थांशपेक्षा कमी ताकद आणि दीड हजार मीटरहून जास्त उंची असेल तेव्हाच दांडा हळू ओढावा. फेऱ्या वाढतात, शिखरावर जातात, मग उतरू लागतात आणि थरथर येते. तिथून मागे येऊन गुळगुळीतपणा परत मिळवावा आणि आणखी थोडं रिच ठेवावं. खाली उतरायला लागण्याआधी पुन्हा रिच करायला विसरू नये.

त्याच मोहिमेआधी सॅन दिएगोहून सेंट लुइसला येताना लिंडबर्गचं इंजिन रात्री डोंगरांवर अडखळलं होतं. न्यूयॉर्कला आल्यावर त्याने कार्ब्युरेटरची हवा तापवणारं साधन बसवून घेतलं. व्हेंचुरीत पेट्रोलची वाफ होताना तापमान २० अंशांनी आणि त्याहूनही जास्त पडू शकतं, त्यामुळे कोकणकिनाऱ्यावर पावसाळ्यात, २५ अंशांच्या दमट हवेतही, थ्रॉटल कमी करून उतरताना आत बर्फ धरू शकतो. फेऱ्या कारण नसताना हळूहळू पडत असतील तर मिश्रणाला दोष देण्याआधी हीट पूर्ण ओढावी. बर्फ वितळताना इंजिन क्षणभर आणखी खडखडेल. तेवढ्याने घाबरून हीट परत ढकलू नये.

जुळवणी संपली की इंजिनाच्या लॉगबुकमध्ये तारीख, तापमान, हवेचा दाब, पेट्रोलचा प्रकार, जेटचे आकडे, स्क्रूचे आधीचे आणि नंतरचे आटे, मंद आणि पूर्ण थ्रॉटलच्या फेऱ्या लिहाव्यात. भारतात नोंदणी असलेल्या विमानावर हे काम डीजीसीएचा परवाना असलेल्या विमान देखभाल अभियंत्याच्या देखरेखीखाली आणि त्याच्या सहीनेच व्हावं; हौशी मदतनिसाने त्याच्यापाठीमागे एक आटाही फिरवू नये. पहिलं उड्डाण शांत हवेत, प्रवाशाविना, इंजिन बंद पडलं तरी तरंगत धावपट्टीवर परतता येईल एवढ्या अंतरात करावं. उतरल्यावर इंजिन निवलं की सगळे प्लग काढून सिलिंडरच्या क्रमाने फळीवर मांडावेत, त्यांचे फोटो काढून लॉगबुकसोबत ठेवावेत, आणि पंचवीस तासांनंतर पुन्हा तेच करून दोन्ही फोटो शेजारी ठेवून पाहावेत.